अलिबागची वाडी, मुलं आणि भरतीचं वेळापत्रक

‘समुद्र पाच मिनिटांवर’ असं व्हिलाच्या जाहिरातीत हमखास लिहिलेलं असतं. ही पाच मिनिटं गाडीची की पायांची, हे विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये. चार वर्षांचं मूल, त्याच्या हातात बादली-फावडं, चपलेत शिरलेली वाळू आणि डोक्यावर अकराचं ऊन धरलं, तर मोठ्या माणसाची पाच मिनिटं सहज वीस होतात. त्यात वाटेत डांबरी रस्ता ओलांडायचा असेल, तर समुद्रावर जायचं म्हटलं की घरातला एक मोठा माणूस कायम गाडीची किल्ली घेऊन तयार राहतो. मग समुद्रकाठी घर घेऊनही समुद्र दिवसातून एकदाच भेटतो.

आम्ही दोन कुटुंबं माघात अलिबागला गेलो, आमचं आणि नणंदेचं. चार मुलं, धाकटं साडेतीन वर्षांचं, थोरला अकरा वर्षांचा, आणि सोबत सासूबाई. एवढ्या वेगवेगळ्या वयांची माणसं हॉटेलच्या तीन खोल्यांत बसवली, की रात्री आठ वाजता एकेका खोलीत एकेक मूल झोपवत मोठी माणसं अंधारात गप्प बसून राहतात. व्हिलाचा खरा फायदा इथे आहे. मुलं आत झोपतात, मोठी ओसरीवर बसतात, सासूबाईंना हवा तेव्हा चहा मिळतो, आणि खिमट किंवा मऊ भात करायला कुणाची परवानगी लागत नाही. भाडं ऐकताना छाती दडपते खरी, पण आठ-दहा माणसांत वाटून पाहिलं आणि तेवढ्याच चांगल्या हॉटेलच्या खोल्यांशी ताडून पाहिलं, तर फरक वाटतो तेवढा राहत नाही. शिवाय शनिवारचा दर आणि सोमवार-मंगळवारचा दर यांत मोठी तफावत असते. मुलं अजून बालवाडीत असतील, तर रविवारी दुपारी जाऊन बुधवारी परतणारं कुटुंब त्याच पैशांत खूपच वरच्या दर्जाच्या घरात राहू शकतं.

अलिबागचा किनारा एकच असला तरी राहण्याच्या दृष्टीने त्याचे चार वेगळे तुकडे पडतात. मांडवा, सासवणे, आवास, किहीम हा उत्तरेचा पट्टा धक्क्याला जवळ. मोठे व्हिले इथेच जास्त, भाव चढे, शांतताही जास्त. वरसोली आणि खुद्द अलिबाग म्हणजे बाजार, औषधाचं दुकान आणि जिल्हा रुग्णालय हाताशी. अगदी तान्हं मूल असेल, तर मी डोळे मिटून हाच पट्टा निवडेन. दक्षिणेला अक्षी आणि नागाव, नारळ-सुपारीच्या वाड्यांचा मुलूख. त्याहून खाली रेवदंडा ओलांडून काशीद. काशीदची वाळू पांढरी, छायाचित्रं देखणी येतात, पण तिथे लाटा जोरकस आहेत आणि बुडण्याच्या दुर्घटना वारंवार घडल्या आहेत. लहान मुलांना घेऊन पाण्यात उतरायला मी काशीद निवडणार नाही. आम्ही अक्षीला घर घेतलं. सुपारीच्या वाडीत उभं असलेलं, मागच्या फाटकातून पायवाटेने सुरूच्या बनातून थेट वाळूवर उतरणारं. वाटेत एकही रस्ता नव्हता, आणि निवड एवढ्या एका गोष्टीवर झाली.

घर ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट पाहिली होती, ती म्हणजे पंचांग. कोकणातला कुणीही जुना माणूस भरतीची वेळ तिथीवरून सांगतो. तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चारचे पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याच्याबरोबर भरतीही तेवढीच मागे सरकते आणि भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी पुरी होते. हिशेब ढोबळ आहे, नेमक्या वेळेसाठी छापील तक्ता किंवा मोबाइलवरचा तक्ता पाहावाच, पण सुट्टीची तारीख धरताना हा ढोबळ हिशेबच कामाला येतो. पंचमीच्या दिवशी भरती पावणेचारला, म्हणजे ओहोटी सकाळी दहाला. मुलं उठून, न्याहारी करून किनाऱ्यावर पोचतात तेव्हा ओल्या वाळूचं भलं मोठं अंगण उघडं पडलेलं असतं. तेच दशमी गाठली, तर ओहोटी भर दुपारी पावणेदोनला, आणि तेव्हा त्या वाळूवर कुणी पाय ठेवत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाच्या दिवशी भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडू शकतो. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं मनात असेल, तर भांगाचे दिवस टाळावेत.

लोक पोहण्याच्या तलावाचं छायाचित्र पाहून व्हिला धरतात. मी तिथी पाहून तारीख धरते आणि तारीख पाहून व्हिला. मुलांचा दिवस तलावाने ठरत नाही, सकाळच्या ओहोटीने आणि दुपारच्या झोपेने ठरतो, असा माझा अनुभव आहे.

मालकाला किंवा त्याच्या माणसाला फोनवर विचारायचे प्रश्न मी एका कागदावर लिहून ठेवते, कारण बोलण्याच्या ओघात नेमका महत्त्वाचा प्रश्न निसटतो. वीज गेली तर इन्व्हर्टर आहे की जनरेटर? इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, एसी चालत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये हा फरक रात्रभर जागवतो. विहिरीचं पाणी गोडं की मचूळ? किनाऱ्यालगत ते बहुधा मचूळ असतं. आंघोळीला चालतं, पण दुधाच्या बाटल्या उकळायला आणि प्यायला वेगळे वीस लिटरचे जार लागतात, ते भाड्यात धरलेत का? स्वयंपाक करायला कोण येतं, ताटावर दर आहे की दिवसावर, आणि मुलांचं ताट अर्धं धरतात का? जिन्याला कठडा आहे का, कठड्याच्या गजांतून मुलाचं डोकं जाईल एवढी फट आहे का? जीएसटी धरून भाव सांगितलाय की वेगळा? अनामत रक्कम कधी परत मिळते? आणि एक प्रश्न अनेकांना अवघड वाटतो, तरी विचारावा: बांधकाम परवानगीचं आहे ना? किनारा नियमन क्षेत्राचे नियम मोडून बांधलेल्या बंगल्यांचा प्रश्न अलिबाग तालुक्यात जुना आहे. किहीमजवळचा नीरव मोदीचा बंगला २०१९च्या मार्चमध्ये स्फोटकं लावून पाडला, ते सगळ्यांनी दूरदर्शनवर पाहिलं. वाळूवर जवळजवळ पाय ठेवून उभं असलेलं घर छायाचित्रात मोहक दिसतं. पण तिथली वाळू, सुरूची झाडं आणि किनारा ही गावाची ठेव आहे. आपण पैसे देऊन कुठल्या घराला बळ देतो, हे आई-बापांनी तरी पाहावं असं मला मनापासून वाटतं.

मुंबईहून जायला दोन वाटा. वडखळवरून रस्त्याने गेलं, तर दक्षिण मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आसपास. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून पनवेलपर्यंतची कटकट कमी झाली, पण वडखळपासून पुढे शनिवारी सकाळी गाड्यांची रांग लागते आणि मागच्या सीटवर मूल असेल तर ती रांग फार लांब वाटते. दुसरी वाट समुद्रातून. गेटवेवरून मांडव्याला कॅटामरान जातात. त्या पावसाळ्यात बंद असतात, आणि गाडी नेता येत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात गाडी चढवता येते आणि तासाभरात मांडवा येतं. मुलं बरोबर असताना गाडी नेणं हेच सोयीचं, कारण डायपरच्या थैल्या, खेळणी, सासूबाईंची उशी आणि तांदळाच्या पिठाचा डबा हे सगळं हातात घेऊन बोटीत चढता-उतरता येत नाही. गाडी तळमजल्यावर लावून आपण वर जाऊन बसायचं. तेव्हा पाणी, खाऊ, एक जादा कपड्यांचा जोड आणि उलटीसाठी पिशवी असलेली छोटी थैली आधीच वेगळी काढून ठेवावी.

हिवाळ्यात बोटीमागे कुरव पक्ष्यांचा थवा लागतो. परदेशातून आलेले हे पाहुणे बोटीच्या कडेने, अगदी हाताच्या अंतरावरून तरंगत येतात, आणि मुलांसाठी तो तास कापरासारखा उडून जातो. लोक त्यांना गाठी-शेव, वेफर टाकतात. मुलांना एवढंच सांगितलं, की हे मासे खाणारे पक्षी आहेत, तळलेलं-खारवलेलं त्यांच्या पोटाला चालत नाही. आमच्या थोरल्याने मग शेजारच्या मुलालाही ते समजावलं. एक गोष्ट आवर्जून: बोटीवर चढल्याबरोबर लहान मापाचं जीवरक्षक जाकीट कुठे आहे ते विचारावं आणि घालून पाहावं. मोठ्यांच्या जाकिटातून लहान मूल पाण्यात पडताच खाली निसटतं. १८ डिसेंबर २०२४ला मुंबई बंदरात प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकून माणसं दगावली. त्यानंतर तरी हा प्रश्न विचारायला कुणी संकोच करू नये.

मांडव्याहून अलिबागच्या वाटेवर सासवण्याला थांबा घ्यावा. शिल्पकार नानासाहेब करमरकर यांचं घर तिथे शिल्पालय म्हणून जपलेलं आहे. पुण्यातला छत्रपती शिवाजी महाराजांचा १९२८चा अश्वारूढ पुतळा त्यांनीच घडवलेला. मुलांना शिल्प म्हणजे काय हे सांगत बसावं लागत नाही. अंगणात म्हैस बसलेली आहे. तिच्या पाठीचा कणा, पोटावरच्या घड्या, मानेचा झोल बघून आमच्या धाकटीने आधी लांबून ‘हैक’ केलं, मग हळूच हात लावला आणि मग तिथून हलायला तयार होईना. खोल्यांतून कोळी स्त्रिया, घरातली माणसं, मुलं, सगळी आपल्या गावातल्या माणसांसारखी. अर्धा-पाऊण तास पुरतो आणि प्रवासाने आंबलेल्या पायांना मोकळं अंगण मिळतं.

व्हिलावर पोचल्यावर सामान उतरवण्याआधी तलाव पाहायचा, हा माझा नियम. अलिबागच्या बहुतेक व्हिल्यांत तलाव सगळीकडे सारख्या खोलीचा, चार ते साडेचार फुटांचा असतो, आणि माहिती देणारा माणूस चांगल्या मनाने सांगतो, ‘काही खोल नाही, मुलांना चालेल.’ पाच वर्षांच्या मुलाची उंची साधारण साडेतीन फूट असते. म्हणजे त्या तलावात कुठेही उभं राहिलं तरी ते पाण्याखालीच. तलावाभोवती कुंपण आहे का, फाटकाची कडी मुलाच्या हाताला न लागेल एवढी वर आहे का, बैठकीच्या खोलीचं सरकतं दार थेट तलावावर उघडतं का, त्याला आतून वर कडी आहे का, तळाच्या जाळीचं झाकण घट्ट बसलंय का, पायऱ्या कुठल्या बाजूला आहेत, हे सगळं केअरटेकर दादांबरोबर एक फेरी मारून बघून घ्यावं. आमच्या घराला कुंपण होतं, पण फाटकाची कडी खाली होती. दादांनी लगेच वरच्या गजाला नायलॉनची दोरी दुहेरी गाठ मारून बांधून दिली. सांगितल्यावर माणसं करतात, सांगायला हवं.

दुसरी व्यवस्था लाल पंच्याची. मुलं पाण्यात असताना एका मोठ्या माणसाच्या खांद्यावर लाल पंचा. पंचा ज्याच्या खांद्यावर, त्याने फोन घ्यायचा नाही, गप्पांत मान वळवायची नाही, चहा आणायला उठायचं नाही. वीस मिनिटांनी पंचा दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवायचा, आणि ठेवताना तोंडाने ‘आता तू’ म्हणायचं. पाच-सहा मोठी माणसं भोवती असतात तेव्हाच घात होतो, कारण प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. बुडणारं मूल ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो, तोच त्याच्याकडे नसतो. हाताचे फुगे आणि फुगवलेली बदकं ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नये. मुलं बाहेर आली, की पाण्यात तरंगणारी सगळी खेळणी काढून टाकावीत, नाहीतर नंतर एखादं पोर ती घ्यायला एकटंच वाकतं.

दुसऱ्या दिवशी पंचमी. साडेआठला आम्ही अलिबागच्या किनाऱ्यावर पोचलो, तेव्हा पाणी अजून उतरत होतं. कुलाबा किल्ल्याला चालत जायचं, तर ओहोटी पुरी व्हायच्या तासभर आधी निघावं आणि पाणी फिरायच्या आत परतीला लागावं. किल्ल्यात गुंतून उशीर झाला, तर पाणी मागून चढतं. आजी आणि धाकटी घोडागाडीने गेल्या, आम्ही बाकीचे घोट्यापर्यंतच्या पाण्यातून. पायाखाली खडक, शंखांचे तुकडे आणि शेवाळ असतं, म्हणून मुलांच्या पायांत पट्टा असलेली रबरी सँडल हवी. साधी सपात चिखलात राहून जाते.

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८०मध्ये या किल्ल्याचं काम हाती घ्यायला सांगितलं आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा मोठा आधार. मुलांना मात्र तट दाखवावा. प्रचंड दगड एकावर एक रचलेत, मधे चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरतं, तिचा जोर तिथेच मोडतो आणि भिंत उभी राहते. थोरला बराच वेळ फटीत बोट घालून किती आत जातं ते पाहत होता. आत रघोजी आंग्र्यांनी १७५९मध्ये बांधलेलं गणपतीचं मंदिर आहे आणि समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचा साठा आहे. चारही बाजूंनी खारं पाणी असताना हे गोडं कसं, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. पावसाचं पाणी खडकात मुरतं, हलकं असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर राहतं, एवढं उत्तर अकरा वर्षांच्या मुलाला पुरतं. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांवर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचं नाव कोरलेलं वाचता येतं.

परतताना किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा लागते. मुंबईतल्या कुलाब्याला १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या विजेचा उपकरणांना उपद्रव होईल, म्हणून १९०४मध्ये हे काम इथे हलवलं. आत पाहायचं असेल तर आधी विचारून जावं. आम्ही बाहेरूनच गोष्ट सांगितली आणि मुलांनी व्हिलावर आल्यावर होकायंत्र शोधायला घेतलं.

यानंतर दुपारचं काहीच ठरवलं नव्हतं, आणि मुलांबरोबर निघणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की दिवसाचा अर्धा भाग असाच रिकामा ठेवा. व्हिल्यावर एवढे पैसे मोजायचे आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सात गाडीतून किल्ले, बाग, मंदिर, बाजार करत फिरायचं, यात मुलांची झोपही जाते आणि घरही. आमची मुलं बारा ते तीन झोपली किंवा लोळली. मग वाडीत निघाली. वाडीत पाटाचं पाणी कुठून कुठे जातं ते पाहणं, पडलेली सुपारी गोळा करणं, झावळीवर बसून एकमेकांना ओढणं, यात दोन तास गेले. एका उंच झाडावर सुगरणीची जुनी घरटी लोंबत होती, एक खाली पडलेलं मिळालं. त्याच्या आत भिंतीला चिकटवलेले वाळलेल्या चिखलाचे गोळे बोटाला लागतात. पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी १९३०च्या सुमारास इथूनच जवळ किहीमला सुगरणींचा बारकाईने अभ्यास केला. एकेक नर अर्धवट घरटी विणतो, मादी येऊन पाहते, पसंत पडलं तरच तिथे राहते आणि मग नर पुढचं घरटं विणायला घेतो, ही गोष्ट त्यातूनच उलगडली. माझ्या भाचीला ती इतकी आवडली, की घरटं तिने रात्री उशाशी घेऊन झोपण्याचा हट्ट धरला.

वाडीत फिरताना दोन गोष्टी सांभाळायच्या. नारळाच्या झाडाखाली चटई टाकायची नाही, पाळणा बांधायचा नाही. फळ कधी पडेल ते सांगता येत नाही. आणि सकाळी चपला झटकून घालायच्या. रायगडच्या लाल विंचवाचा दंश लहान मुलांना जिवावर बेततो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या संशोधनामुळे आज त्यावर प्रॅझोसिन हे औषध वापरलं जातं आणि वेळेत पोचलेलं मूल वाचतं. म्हणून घरगुती उपाय करत न बसता १०८ला फोन करून सरळ रुग्णालय गाठायचं. डासांसाठी मच्छरदाणी घरूनच न्यावी, सुपारीच्या ओलसर वाडीत संध्याकाळी ते फार असतात.

वाडीत मधेमधे झाडांच्या रांगेत मोकळ्या जागा दिसत होत्या. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर धडकलं. उभ्या सुपाऱ्या मोडून पडल्या, कितीतरी घरांची छपरं गेली. सुपारीचं रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. दादांच्या घरच्यांनी त्या वर्षी लावलेली झाडं मुलांनी मोजली. कुणीतरी वाडी विकून व्हिला बांधतो, कुणी वाडी राखून तिच्यात दोन खोल्यांचं घर भाड्याने देतो. मला दुसऱ्याच्या घरी राहायला आवडतं, आणि मुलांनाही तिथेच पाहण्यासारखं जास्त मिळतं.

संध्याकाळी पोपटी. ही थंडीतली, रायगडची खास मेजवानी. वालाच्या शेंगा भरात असतात तेव्हा, डिसेंबर ते फेब्रुवारीत. स्वयंपाकाच्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मग रताळी, बटाटे, अंडी, केळीच्या पानात बांधलेलं मसाल्याचं चिकन, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. थेंबभर पाणी नाही, तेल नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवलं, भोवती सुक्या झावळ्या, काटक्या, पेंढा रचून पेटवलं. अर्ध्या तासाने मावशींनी मडक्यावर पाण्याचा हात मारला. चर्रकन आवाज होऊन पाणी क्षणात उडालं, तेव्हा म्हणाल्या, ‘झाली गो पोरांनो, आता लांब व्हा.’ मडकं उलटलं आणि भांबुर्डीचा तो कडवट-गोड वास अंगणभर पसरला. एरवी भाजी दिसली की तोंड फिरवणारं आमचं पोर शेंगा सोलून दाणे खात बसलं होतं. आगीपासून मुलांना दूर ठेवायला मात्र इथेही लाल पंचाच लागला.

जेवणाच्या बाबतीत मावशींवर सोडावं. घरून पिझ्झ्याचे गोठवलेले तुकडे नेण्यापेक्षा तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, खारभूमीतला जिताडा मिळाला तर त्याचं कालवण, मुलांना काटे काढलेली सुरमई, असं ताज्या बाजारावर ठरू द्यावं. जूनची पहिली तारीख ते जुलैअखेर मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशांची अपेक्षा धरू नये आणि मुलांना पाण्यातही उतरवू नये. एप्रिल-मेमध्ये ताडगोळे मिळतात. कशाला नाही म्हणायचं ते मावशींना आधी सांगावं: तिखट किती, शेंगदाणा कुणाला चालत नाही.

समुद्रात मुलांना कधी उतरवायचं, यावर घरात एकमत हवं. आम्ही गुडघ्याच्या वर नाही, आणि ओहोटी जोरात लागलेली असताना अजिबात नाही, असं ठरवलं होतं. उतरतं पाणी पायाखालची वाळू घेऊन जातं आणि माणसालाही ओढतं. चढत्या भरतीला आणखी एक धोका असतो. किनाऱ्यालगतच्या खळगीत आधी पाणी भरतं, आपण वाळूच्या उंचवट्यावर उभे असतो आणि मागची वाट खोल झालेली असते. म्हणून मधूनमधून मागे वळून पाहायचं. स्थानिक कोळी किंवा जीवरक्षक नको म्हणाला, तर वाद घालायचा नाही. किनाऱ्यावर गाडी न्यायची नाही, ओल्या वाळूत चाक रुतलं की भरती वाट पाहत नाही. बनाना राइड वगैरे खेळ दहा वर्षांखालच्यांना आम्ही नाकारले. मुलं रुसली, पण ओल्या वाळूत खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांच्या नक्षीने त्यांची समजूत काढली.

अक्षीत रस्त्यालगत एक शिळा आहे, शिलाहारांच्या काळची, वर चंद्र-सूर्य कोरलेली. तिच्यावरचा लेख अनेक अभ्यासक इ.स. १०१२चा आणि मराठीतला सर्वांत जुना मानतात. गाडीतून उतरून पाच मिनिटं पाहावी. आमच्या थोरल्याला त्यातलं एकही अक्षर लागलं नाही, तरी तिथून जाणाऱ्या प्रत्येक मराठी घराने मुलांना ती दाखवावी.

निघायच्या दिवशी अकराला घर सोडायचं असतं आणि झोपाळलेल्या मुलांना घेऊन दहाला आवरायला लागलं की चिडचिड होते. आदल्या रात्रीच अर्धं सामान गाडीत टाकावं, ओले कपडे वेगळ्या पिशवीत भरावेत आणि चार्जर, औषधाची पिशवी, झोपेचं खेळणं यांची खोलीवार फेरी मारावी. मावशींना आणि दादांना जे द्यायचं ते मालकामार्फत न देता हातात द्यावं. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा पुढे गेलात, तर रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे, चवीला गोडसर, मुलं कच्चा खातात. माळ घेताना पाती पूर्ण वाळलेली पाहावी, नाहीतर घरी आठवड्यात सडते. आणि परतीचं रो-रोचं तिकीट जाण्याच्या तिकिटाबरोबरच काढावं. रविवारी संध्याकाळच्या फेऱ्या फार आधी भरतात. जागा मिळाली नाही, तर मुलांच्या झोपेच्या वेळी वडखळच्या रांगेत उभं राहावं लागतं.